अर्धा कोयता

गावातली पोरंपोरी आता मला येऊन विचारतात, ताई, हे ऑनलाइन विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचं काम खात्रीचं आहे का, की पैसे बुडवतात? कॉलेज संपवून बसलेली असतात बिचारी. गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतात. मी सांगते, साईट पैसे बुडवत नाही. ठरल्या तारखेला खात्यात टाकते. तिच्यावर माझा काडीचा राग नाही. राग आहे तो माझ्या घरच्यांवर, आणि तो सांगायला लागले की पोरं चुळबुळ करतात, त्यांना फक्त हो की नाही ऐकायचं असतं. म्हणून सगळं एकदा लिहूनच काढते.

मी शिवकन्या. आमचं गाव गंगाखेडच्या अंगाला, गोदावरीपासून थोडं आत. परभणीला राहून गणितात एम. एस्सी. केलं. वडील लिंबाजी आणि आई गोजरबाई दर वर्षी दसरा झाला की ऊस तोडायला जायची. ऊसतोडीत कोयता हे माणसं मोजायचं माप असतं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकमध्ये भरते, दोघं मिळून एक कोयता. मुकादम टोळीत घेतो ते असे पुरे कोयते. एकट्या माणसाला तो अर्धा कोयता म्हणतो आणि दारातूनच परत पाठवतो.

गेल्या हंगामात आई मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती. पाय घसरला आणि मोळीसकट खाली पडली. मणका सरकला. तेव्हापासून ती कुणी उठवलं तरच कमरेला पट्टा बांधून वाकून चालायची, घागरसुद्धा उचलता येत नव्हती. म्हणजे माझा बाप अर्धा कोयता झाला. गणपतीच्या दिवसांत सीताराम मुकादम आला, चहा पिऊन झाल्यावर माझ्याकडे बघत वडिलांना म्हणाला, घरात धडधाकट पोरगी असताना रडायलास कशाला? वडील माझ्याकडे बघायला लागले. नाही म्हणाले नाहीत, हे मला त्या क्षणी इतकं लागलं की मी कपबशी त्याच्या समोरून ओढून घेतली.

मी तेव्हा नुकतंच हे काम धरलं होतं. साईटची परीक्षा असते, ती पास झाले होते. कुठलातरी विद्यार्थी प्रश्न टाकतो, आपण तो पायरी पायरीनं सोडवून द्यायचा. त्याला पटलं तर आपलं नाव वर चढतं, चुकलं तर खाली येतं. घरात रेंज नव्हती म्हणून मी लॅपटॉप घेऊन पाण्याच्या टाकीखाली बसायची. बाया कपडे धुताधुता विचारायच्या, कुणाला एवढं लिहायलीस गं? पहिल्या दोन महिन्यांत अधूनमधूनच प्रश्न आले, पैसे किरकोळ मिळाले, पण मिळाले. दसऱ्याच्या आधी पहिला पुऱ्या महिन्याचा पगार येणार होता. मी वडिलांशी बोली केली. ट्रक यायच्या आत पैसे आले तर मी घरी राहीन, तुम्हीही राहा, इथं मिळेल ते काम करा, बाकीचं मी बघते. नाही आले तर मी निमूट तुमच्याबरोबर येईन. वडिलांनी मान हलवली. त्यांची खात्री होती की पैसे येणार नाहीत. मोबाईलवर गणितं सोडवल्याचे पैसे कोण देतं, असं ते चार लोकांत बोलून दाखवायचे.

माझा भाऊ परमेश्वर सीतारामचा ट्रॅक्टर चालवायचा. ड्रायव्हर झाल्यापासून त्याला हातात कोयता धरायची लाज वाटायची, त्यामुळे वडिलांचा जोडीदार व्हायला तो तयार नव्हता. वाईट नव्हता तो. उलट सगळ्यांत जास्त जीव त्याचाच माझ्यावर. लॅपटॉप बिघडला तेव्हा त्यानंच परभणीला नेऊन दुरुस्त करून आणला, आणि दुरुस्तीवाल्याला लागेल म्हणून मी त्याला पासवर्ड सांगितला होता.

पगाराची तारीख आली आणि माझं साईटवरचं खातं बंद झालं. साईटचं पत्र आलं की तुमच्या नावानं एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणांहून उत्तरं दिली जात आहेत, पुष्कळशी दुसरीकडून उचललेली आहेत, म्हणून खातं गोठवलं आहे आणि पगार रोखला आहे. टाकीखालून उठून घरी आले तर परमेश्वर ओसरीवर भाकरी खात होता. मी पत्र वाचून दाखवलं. त्याचा घास तोंडातच राहिला.

मग त्यानं सांगितलं. गंगाखेडला खोली करून राहणारा गोपाळ आणि त्याचे दोन दोस्त, तिघंही बी. एस्सी., साईटच्या परीक्षेत नापास झालेले. परमेश्वरनं त्यांना माझं खातं उघडून दिलं होतं. तिघांनी महिनाभर माझ्या नावानं उत्तरं लिहायची, पगार माझ्या बँकेत येणार, मग परमेश्वर तो सगळ्यांना वाटून देणार. मला सांगायचं नाही, एकदम मोठी रक्कम आली की आनंदाचा धक्का द्यायचा.

"उसाच्या फडात कसं असतंय," तो म्हणाला, "नाव एका कोयत्याचं. हात कुणाचेबी लागू द्या, वजन त्या नावावर पडतंय. जादा हात लागले तर जादा ऊस. मला वाटलं हितंबी तसंच असंल. तुला जायला लागू नये म्हणून केलं, शिवे."

मी त्याच्या तोंडात मारली. ताट उडालं. पुन्हा मारली. तो हात वर न करता मार खात बसला, आणि आई आतून ओरडत होती की सोड त्याला, जेवत्या माणसाला मारू नको. मला त्याच्यावर दया येत होती आणि तरीही मी मारत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव सोयाबीन काढायला गेलेलं असताना गोपाळ आणि त्याचे दोस्त मोटारसायकलींवरून आले. वडीलही रानात होते. त्यांना पैसे हवे होते. महिनाभर डोळे फोडले म्हणत होते, आणि ते खरंही असेल. परमेश्वर अंगणात उभा राहून समजावत होता की खातंच बंद पडलंय, आमाला तरी कुठं मिळालेत. गोपाळला ते पटेना. बहिणीचं नाव पुढं करून पैसे खाल्लेस म्हणाला, आणि कमरेचा पट्टा काढला.

पहिला फटका तोंडावर बसला. पट्ट्याचं बक्कल भुवईवर लागलं आणि परमेश्वरचा डोळा रक्तानं भरला. त्याला दिसेना, तो हात पुढं करून चाचपडायला लागला, तर एकानं पाठीत लाथ घातली. तो पडला. मग तिघांनी तुडवायला सुरुवात केली. बुटाचा आवाज बरगडीवर वेगळा येतो आणि पोटावर वेगळा, हे मला त्या दिवशी कळलं. मी मधे पडले तर माझ्या कानाखाली अशी बसली की मी भिंतीवर जाऊन आदळले. परमेश्वर आईऽ आईऽ करत होता. आई खाटेवरून उतरायचा प्रयत्न करत होती आणि तिला उतरता येत नव्हतं.

त्यांनी त्याला फरफटत धुण्याच्या दगडाकडे नेलं. दोघांनी धरलं, उजवा हात दगडावर पसरला. कोपऱ्यात सोयाबीन झोडपायचं दांडकं होतं. गोपाळनं ते उचललं आणि मनगटावर हाणलं. पहिल्या फटक्यालाच हाड गेलं. परमेश्वरचा आवाज बंद झाला, त्यानं नुसतं तोंड उघडलं. गोपाळनं दुसऱ्यांदा दांडकं वर घेतलं.

वडिलांचा कोयता ओसरीच्या आढ्याला खोचलेला असतो. ट्रक यायचे दिवस होते, धार नुकतीच लावलेली होती. मी तो ओढला आणि गोपाळच्या खांद्यात घातला. शर्ट फाटला, मांस फाटलं. तो वळून माझ्याकडे बघायला लागला, हे आपल्याला झालं यावर त्याचा विश्वास बसेना. मी पुन्हा उगारला तेव्हा दोस्तांनी त्याला ओढत नेलं आणि मोटारसायकली गेल्या. अंगणात एक बूट राहिला होता. कोयता घातल्याचं मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

परमेश्वरला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मनगटाचा चुरा झाला होता, ऑपरेशन करून स्टीलची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, यंदा ट्रॅक्टर विसरा. वडील रात्रभर त्याच्याजवळ बसले आणि सकाळी घरी आले. आता घरात कमावतं कुणीच नव्हतं.

मी साईटला लिहिलं होतं की हे मी केलेलं नाही. त्यांचं उत्तर आलं. तुमचं खातं दुसऱ्यानं परवानगीशिवाय वापरलं असेल तर त्याच्या नावानिशी पोलिसात तक्रार करा, तिची प्रत पाठवा. आम्ही तपासून खातं चालू करू, आणि तुम्ही स्वतः सोडवलेल्या प्रश्नांचे पैसे देऊ. पत्रात कुठंही आवाज चढवलेला नव्हता. मी ते वडिलांना वाचून दाखवलं.

वडील म्हणाले, गोपाळचं नाव दे. मी म्हटलं, गोपाळला पासवर्ड कुणी दिला, हे पोलीस पहिलं विचारतील. मग ते म्हणाले, नको देऊस कुणाचंच नाव.

"पोरगा हाय तो माझा. हात मोडून पडलाय. त्याच्यावर केस करतीस?"

"मग माझं काम जातंय."

"जाऊ दे. एका सालाचा तर प्रश्न हाय. चल माझ्यासंग, बोली झालीय आपली."

मी म्हटलं, आईसुद्धा एकाच सालासाठी गेली होती, लग्नाच्या वर्षी. त्यांनी मला मारलं. माझ्या बापानं मला लहानपणीही कधी हात लावला नव्हता. आणि मारताना ते रडत होते, त्यामुळे माझा राग कमी होण्याऐवजी वाढला. मारायचं तर धड मारावं, रडायचं तर धड रडावं. दोन्ही एकदम करून ते मलाच गुन्हेगार ठरवत होते.

ट्रक आला त्या सकाळी टोळीतली माणसं भांडी, गोणपाटं, शेळ्या चढवत होती. सीताराम जीपमधून उतरून कोयते मोजत होता. आमच्या घरापाशी आला आणि वडिलांना म्हणाला, पुरा आहे का अर्धा? वडील म्हणाले, पुरा. मी दारात उभी होते. मी म्हणाले, मी येणार नाही, मला गंगाखेडला पोलीस ठाण्यात जायचं आहे. सीताराम हसला. त्याच्यासमोर वडिलांची मान खाली गेली, आणि मग ते माझ्या अंगावर आले.

त्यांनी माझी वेणी धरली. मी चौकट धरली. ते ओढत होते, मी सुटत नव्हते, तेव्हा त्यांनी माझ्या बोटांवर लाथ मारली. चौकट सुटली. मी अंगणातून मातीत ओढली जात होते. गुडघे सोलले, बाही फाटून खांद्यापासून लोंबायला लागली. टोळीतली माणसं बघत होती. त्यांतल्या नर्मदाबाईनं तोंडावर पदर घेतला होता, तिच्याही लेकीला असंच नेलं होतं मागं. मी वडिलांच्या हाताला चावले. रक्ताची चव आली, तरी त्यांनी वेणी सोडली नाही.

मग वडील कळवळून ओरडले आणि वेणी सुटली. आई खाटेवरून उतरली होती. गुडघ्यांवर, हातांवर रांगत अंगणात आली होती, आणि तिनं कोयत्याच्या मुठीकडची बाजू त्यांच्या नडगीवर हाणली होती. पुन्हा हाणली. ते खाली बसले.

"पळ," आई मला म्हणाली.

मी पळाले. मागं वळून बघितलं नाही. फाट्यावर एसटी मिळाली. कंडक्टरनं माझ्या अवताराकडे बघून तिकीट मागितलंच नाही.

ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं की कुणी मारलं. मी म्हणाले, ते लिहू नका, दुसरं लिहा. त्या म्हणाल्या, आधी जे दिसतंय ते लिहू. मी म्हणाले, मॅडम, मला मारल्यानं माझं फार काही गेलं नाही. माझं नाव दुसऱ्यानं वापरलं, माझं काम गेलंय, ते लिहा. मग त्यांनी विचारलेल्या एकेका प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं. गोपाळच्या खांद्यावर मी कोयता घातला, तेही सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, पासवर्ड कुणी दिला? मी भावाचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि सख्खा का, म्हणून विचारलं. मी म्हणाले, सख्खा. त्या पुढं लिहायला लागल्या.

घरी परतले तेव्हा ट्रक गेलेला होता. अंगणात माझ्या बांगड्यांच्या काचा पडल्या होत्या. घर उघडं होतं आणि खाट रिकामी होती. शेजारची कुसुमबाई डोळ्याला पदर लावून कुंपणापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं आईला काही झालं. मी तिला धरून हलवलं, तेव्हा तिनं सांगितलं.

मी पळाल्यावर सीताराम वडिलांना म्हणाला होता, तू उतर, अर्धा कोयता मला नको. तेव्हा आईनं कमरेचा पट्टा घट्ट करून घेतला आणि म्हणाली, मी हाय की. सीताराम म्हणाला, तुला मोळी उचलंल का? आई म्हणाली, उचलंल. कुणाचा हात न घेता ती फळीवरून ट्रकमध्ये चढली. चढताना दोनदा थांबली, एवढंच कुसुमबाईनं सांगितलं.

मी तिथंच बसले आणि माझं डोकं भिंतीवर आपटून घेतलं, कुसुमबाईनं धरेपर्यंत.

पोलीस दवाखान्यात परमेश्वरकडे गेले. त्यानं काही लपवलं नाही, होय मीच दिला म्हणाला. डाव्या हाताचा अंगठा उठवला, कारण उजव्यानं सही होत नव्हती. मी त्याला बघायला गेले तर त्यानं भिंतीकडे तोंड केलं. गोपाळलाही उचललं, खांद्याला टाके असताना. केस चालू आहे. साईटनं प्रत तपासली, खातं चालू केलं, आणि मी सोडवलेल्या प्रश्नांचे सगळे पैसे आले. एकही पैसा कापला नाही.

ते पैसे घेऊन मी आईला आणायला गेले. कारखाना सांगलीच्या बाजूला, गाड्या बदलत जावं लागतं. आधी सीतारामला गाठून ते पुढं केले. तो म्हणाला, चढलेला कोयता हंगाम संपल्याशिवाय उतरत नाही. तुला आई न्यायची असंल तर ने, तिच्या जागी तू उभी राहा. मी फडाकडे गेले.

वडील तोडत होते. मला बघून त्यांनी क्षणभर कोयता थांबवला आणि परत चालू केला. नडगीवर माझ्या आईनं केलेली जखम अजून काळी होती. आई गुडघ्यांवर बसून मोळी बांधत होती. चेहरा एवढासा झाला होता. मी तिला पैसे आल्याचा मेसेज दाखवला, तिला वाचता येत नाही तरी तिनं तो बराच वेळ बघितला. मी म्हणाले, मी थांबते, तू जा घरी.

"खात्रीचं हाय का गं तुझं काम?" तिनं विचारलं.

"हाय."

"महिन्याच्या महिन्याला येतंय?"

"येतंय."

"मग हितं काय करायलीस? जा."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, जोरानं, माझी बोटं उलटी वाकवून. मग वडिलांना हाक मारली. वडिलांनी मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. ती खाली वाकली, इतकी की मला वाटलं आता बसते. मग उठली आणि ट्रकच्या फळीकडे चालायला लागली.

परतीच्या एसटीत मोबाईलला रेंज आली तेव्हा कुणा विद्यार्थ्याचा प्रश्न येऊन पडला होता. दोन चलांची समीकरणं, अगदी सोपी. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी मी तो सोडवला, एकही पायरी न गाळता, आणि पाठवून दिला.